३ जानेवारीला सार्वजनिक सुट्टी असावी का?

मंगळवारपेठकर:
१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी आहे, मग ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची का नाही? १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून अंगावर शेण झेलणाऱ्या बाईला आपण नुसता 'बालिका दिन' देतो. कॅलेंडरात तारीख लाल झाली की पोरं विचारतात, आज कशाची सुट्टी? तेवढं तरी होईल.

फळाखडू:
शिक्षिका आहे म्हणून सांगते, नको. त्या दिवशी आमच्या पोरी लुगडी नेसून, कपाळावर आडवं कुंकू लावून येतात आणि 'मी सावित्री' म्हणत भाषणं ठोकतात. सुट्टी दिली की हेच पहिलं बंद पडणार. शाळा काढणाऱ्या बाईच्या नावानं शाळेलाच कुलूप? आणि जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. कोण कुठं असेल ते सांगायला नको.

लाल तारीख:
ताई, हुरडा २६ जानेवारीलाही खातात की ओ! 'शाळेचे दिवस बुडतात' हेच कारण देऊन उत्तर प्रदेशानं २०१७ ला पंधरा सुट्ट्या रद्द केल्या, त्यात बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा ६ डिसेंबरही गेला. सुट्टी मागण्यातही ताकद असते. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून १९६८ ला झाला, सुट्टीचा कायदा व्हायला १९८३ उजाडलं. तिथल्या ॲरिझोना राज्यात तर १९९० ला मतदारांनी ती नाकारली आणि १९९२ ला परत मतदान होऊन मिळाली. या भांडणात किंग घरोघरी पोचले.

फळाखडू:
त्याच अमेरिकेनं १९९४ ला कायदा करून तो दिवस सेवेचा ठरवला. नुसतं घरी बसणं त्यांनाही पुरेसं वाटलं नाही.

अशोकचौक:
तुम्ही दोघं पगारदार दिसताय. मी कापड दुकानात कामाला. १४ एप्रिलला बँक बंद, कलेक्टर ऑफिस बंद, आमचं शटर उघडं. आई विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे. हात थांबला की पैसा थांबला, तिला कसली लाल तारीख?
किंग मेम्फिसला सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते, तिथंच मारले गेले. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी कचरा कोण उचलतं, तेही बघा कधी.
आपल्याकडं २०१७ चा दुकाने-आस्थापना कायदा आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) वर्षाला आठ पगारी सुट्ट्या. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. आमच्याकडं 'मिळून' म्हणजे मालक एकटाच.

गल्ल्यावरून:
मालकाची बाजू कोण मांडणार? दिवाळी, पाडवा, दसरा, संक्रांत, झाल्या चार. प्रत्येक महापुरुषाला एक दिवस दिला तर भाडं आणि लाइटबिल कोण भरणार? जयंतीला हार घालू, वर्गणी देऊ. पगारी सुट्टीचं बोलू नका.

अशोकचौक:
संक्रांतीला आपल्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तेव्हा तुमचं शटर बंद असतं? खरं सांगा.

गल्ल्यावरून:
यात्रेत धंदा नाही करायचा तर कधी करायचा?

अशोकचौक:
मग ती सुट्टी मोजलीत कशाला? तिच्या जागी १४ एप्रिल घाला. त्यासाठी मंत्रालयात जायचं कामच नाही.

मंगळवारपेठकर:
हे करण्यासारखं आहे. पेठेतल्या दुकानांकडं लेखी मागणी देऊ. ३ जानेवारीचं मी सोडलेलं नाही, ते सरकारकडं मागतच राहणार.

फळाखडू:
दुकानांच्या मागणीचा मसुदा मी लिहून देते. शाळेची सुट्टी मात्र त्यात घुसवायची नाही.