लेक व्ह्यू खरा, पण कोणत्या काठावरून?
उदयपूरला दोघांनी जायचं तर पिचोला तळ्याकाठी ‘लेक व्ह्यू’ खोली घ्या, बाकी काही बघू नका, असा एक सल्ला वाचला. तळ्याकाठीच राहावं हे मान्य, पण काठ कोणता ते नक्की बघा. लाल घाटाची हॉटेलं पूर्व काठावर, म्हणून गच्चीतून समोर सूर्यास्त दिसतो, त्यामागे डोंगरावर सज्जनगढ महाल. पलीकडे हनुमान घाट किंवा अंबराईकडे राहिलात तर रात्री दिवे लागलेला सिटी पॅलेस अख्खा समोर. मला विचाराल तर दुसरी बाजू. सूर्यास्त अर्ध्या तासात आटोपतो, पॅलेस मात्र जेवण रेंगाळेपर्यंत साथ देतो. (जाहिरातीत दोन्हीकडे ‘लेक व्ह्यू’च लिहितात म्हणा!) मध्ये पादचारी पूल आहे, त्यामुळे पूर्व काठावरचा गणगौर घाट, जगदीश मंदिर तिकडूनही चालत गाठता येतं.

बुकिंगआधी फोन करून आसपास लग्न आहे का तेही विचारा. हिवाळ्यात तिथे लग्नांची झुंबड असते आणि डीजेचा आवाज पाण्यावरून थेट खोलीत येतो. आणि हो, जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी बऱ्याचदा दारापर्यंत जात नाही. मोठ्या बॅगा टाळा.