मदत हवी आहे: असल उत्तरच्या सिनॅरिओत पायदळाने पॅटन रणगाडे कसे थोपवावेत?

नमस्कार,

विनएसपीएमबीटी या टर्नवर चालणाऱ्या युद्धखेळात ८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळातील, भारत-पाकिस्तान युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईवर बेतलेला सिनॅरिओ मी तयार केला असून तो भारतीय बाजूने खेळत आहे. सेंच्युरियन आणि शेरमन रणगाडे मी मुद्दाम नकाशाच्या मागच्या कडेला ठेवले आहेत, कारण मला पायदळाचीच मांडणी समजून घ्यायची आहे. नकाशावर खेमकरणजवळची सपाट शेती, उभा ऊस आणि पाणी सोडून चिखल केलेले पट्टे आहेत. माझ्याकडे खंदकांतले पायदळ, साडेतीन इंची रॉकेट लाँचर, मशीनगन, उखळी तोफा आणि जीपवरच्या १०६ मिमी आरसीएल (रिकॉइललेस म्हणजे धक्काविरहित रणगाडाविरोधी तोफा) एवढीच सामग्री आहे.

अडचण अशी की, आरसीएल पहिला पॅटन दूरवरूनच अचूक टिपतात, पण गोळा सुटताच त्यांची जागा उघडी पडते आणि मागून येणारे रणगाडे ९० मिमी तोफांनी जीप उडवतात. उसाच्या बांधालगत बसवलेले सेक्शन (पायदळाच्या लहान तुकड्या) तर त्याहून लवकर संपतात. रणगाड्यांबरोबर चालणारे शत्रूचे पायदळ जवळ आले की माझे जवान आपोआप गोळीबार सुरू करतात, आणि मग लाँचरच्या टप्प्यात रणगाडा येण्याआधीच त्यांचे मनोधैर्य खचलेले असते. आरसीएलची मारा-मर्यादा (किती अंतराच्या आत आल्यावरच गोळी झाडायची ती मर्यादा) किती ठेवावी, पायदळ बांधावर बसवावे की उसाच्या आत, आणि रणगाड्यावर जवळून हल्ला नेमका कधी करावा, याविषयी अनुभवी खेळाडूंनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली सामग्री पुरेशी आहे. मारा फार लवकर सुरू होतो आहे, एवढेच. १०६ मिमी आरसीएलचा रणगाडाविरोधी गोळा 'हीट' प्रकारचा, म्हणजे वेगाने नव्हे तर स्फोटाच्या जोराने चिलखत भेदणारा असल्यामुळे चिलखत भेदण्याची त्याची ताकद अंतराबरोबर घटत नाही. त्यामुळे रणगाडा जवळ येऊ देण्याचा खरा लाभ नेम पक्का बसण्यात आणि एका वेळी एक-दोनच रणगाड्यांच्या नजरेस पडण्यात आहे. खेळातला हेक्स (नकाशावरचे षटकोनी घर) ५० मीटरचा आहे, हे लक्षात घेऊन मर्यादा आठ-दहा हेक्सवर आणावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन शेतांमधल्या फटीतून शत्रूच्या वाटेचा अरुंद पट्टाच दिसेल आणि रणगाड्याची बाजू समोर येईल, अशा ठिकाणी जीप उभी करावी. समोरचे सगळे मैदान दिसणारी जागा मोहक वाटते खरी, पण त्या सगळ्या मैदानालाही आपली जीप दिसत असते. नेम साधला की जीप उसाआड सरकवावी. परमवीर चक्राचे मानकरी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनीही याच लढाईत उसाच्या आडोशाने जागा बदलत जीपवरची आरसीएल चालवली होती.

पायदळ बांधावरून उठवून उसात दोन हेक्स आत न्यावे आणि त्याची मर्यादा एक-दोन हेक्सच ठेवावी. शत्रूच्या पायदळाचा समाचार बाजूला बसवलेल्या मशीनगनने आणि उखळी तोफांनी घ्यावा. ते जमिनीला खिळले की रणगाडे एकटे पुढे येतात. संगणक खेळत असेल, तर ते हमखास येतात. जवळून हल्ला मात्र घाईने करू नये. ज्या सेक्शनवर त्या टर्नमध्ये मारा झालेला नाही, त्याच सेक्शनला पाठवावे, आणि आधी उखळी तोफांचे गोळे टाकून रणगाड्यातल्या शिपायांना झाकणे लावायला भाग पाडावे, म्हणजे त्यांना बाहेरचे कमी दिसते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. फटीतून मारा करण्याची कल्पना लगेच वापरून पाहतो. एक उपप्रश्न आहे: चिखलात रुतलेल्या पॅटनवर पायदळ पाठवावे का?

प्रतिसाद

त्याची तोफ अजून चालते, हे विसरू नये. तो ज्या वाटेवर नजर ठेवून आहे, तेवढी वाट टाळावी, फिरत्या रणगाड्यांचा बंदोबस्त आधी करावा आणि त्याच्याकडे सर्वांत शेवटी, मागच्या बाजूने जावे.