टेकन ३ हा जुना मारामारीचा गेम आज परत लावला तर काय टिकतं, काय खटकतं?

चौकोन_त्रिकोण:
घरातल्या पोरांना टेकन ८ ची सवय आहे. सुट्टीत त्यांना टेकन ३ दाखवायचा बेत आहे, एकाच टीव्हीसमोर दोघं-दोघं बसून. "तेव्हा लई भारी वाटायचा" हे उत्तर नको, ते मलाही माहीत आहे. मारामारीचं तंत्र म्हणून आज त्यात दम काय उरलाय? मोडकं काय आहे, कुठलं पात्र बाजूला ठेवावं? एडी या पात्राला बंदी घाला असं जो तो सांगतो. आणि खेळायचा कशावर? "टेकन ३ पीसी सेटअप" नावाची फाइल जागोजागी दिसते, ती चालेल का?

जुना_पॅड:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे चुकलात तर बाकीचं फुकट.

टेकन ३ पीसीवर अधिकृतपणे कधीच आला नाही. १९९७ मध्ये आर्केड, १९९८ मध्ये पहिला प्लेस्टेशन, बस. "सेटअप" म्हणजे कुणीतरी एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि डिस्कची इमेज (डिस्कची फाइलरूपी प्रत) एकत्र बांधून दिलेली असते, बहुतेकदा व्हिडिओ आणि संगीत कापून, वर काय चिकटवलंय ते देव जाणे. हात लावू नका. डिस्क असेल तर तिची इमेज काढून डकस्टेशन या एम्युलेटरवर चालवा.

डिस्क कुठल्या विभागाची आहे ते आधी बघा. अमेरिकन आणि जपानी डिस्क सेकंदाला ६० फ्रेमची (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र), युरोपियन ५० ची. ज्याचा हात ६० वर बसलाय त्याला ५० वर सगळं अर्धवट झोपेत चालल्यासारखं वाटतं. २०१८ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या कन्सोलमध्ये टेकन ३ आहे, पण त्यात नेमकी ५० वाली आवृत्ती घातली. तो विकत घ्यायचा विचार असेल तर हे धरून चाला.

बटण दाबल्यावर पडद्यावर दिसायला लागणारा उशीर कमी व्हावा म्हणून टीव्हीचा गेम मोड चालू करा. त्याच कामासाठी एम्युलेटरमध्ये रन-अहेड एक फ्रेम ठेवा, तेवढं पुरतं. रिझोल्यूशन फार वाढवू नका. आर्केडमधली मागची दृश्यं थ्रीडी होती, प्लेस्टेशनवर आणताना तिथे सपाट चित्रं लावली. पात्रं धारदार केली की मागचा पडदा गावच्या जत्रेतल्या फोटो स्टुडिओसारखा दिसायला लागतो.

पाठीमागे_दोनदा:
तंत्राबद्दल लिहितो. या भागाची खरी कमाई म्हणजे हालचाल. आधीच्या भागांत उडी मारली की माणूस गच्चीवर जाऊन आल्यासारखा वेळाने खाली यायचा. इथे उडी आखूड केली आणि साइडस्टेप, म्हणजे बाजूला सरकणं, सगळ्यांना दिला. वरच्या किंवा खालच्या बटणाला नुसती टिचकी मारायची. दाबून धरलंत तर उडी नाहीतर बैठक होते. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वच्छ हिशेब. मार तीन पातळ्यांचे: हाय, मिड, लो. उभा गार्ड (मागे दाबून मार अडवणं) हाय आणि मिड अडवतो, बसलेला गार्ड लो अडवतो. बसलात की हाय डोक्यावरून जातो, पण मिड थेट तोंडावर. थ्रो (पकडून फेकणं) हीसुद्धा हाय पातळी, म्हणजे बसलं की पकड हुकते. पॅडवर चौकोन-त्रिकोण म्हणजे ठोसे, फुली-गोल म्हणजे लाथा. चौकोन-फुलीचा थ्रो आला की चौकोन दाबून सुटका, त्रिकोण-गोलचा आला की त्रिकोण. पकडणाऱ्याचा कुठला हात पुढे येतो ते बघायचं. पाठीमागून पकडलं तर विसरा. टेकन ८ खेळणाऱ्या पोरांना हा पाया दहा मिनिटांत कळेल, कारण तोच अजून चालू आहे.

आता खोट. स्टेजला भिंतच नाही, मैदान संपतच नाही. भिंती टेकन ४ मध्ये आल्या. त्यात बॅकडॅश (झटकन मागे सरकणं) साखळीने मारता येतो: मागे, मागे, लगेच खाली-मागे, मग मागे, सोडा, परत मागे, पुन्हा खाली-मागे. खाली-मागेमुळे चालू बॅकडॅश मोडतो आणि तिथून मागेवर सरकलेला अंगठा पुढच्या बॅकडॅशचं पहिलं "मागे" म्हणून धरला जातो. ज्याला हे जमतं तो लाइफमध्ये थोडा पुढे गेला की घड्याळ संपेपर्यंत हाती लागत नाही. म्हणून ऑप्शनमध्ये राउंडची वेळ वाढवून ठेवा.

फुलीगोल:
+१ वरच्याला. आता एडीची बाजू घेतो, कुणीतरी घ्यायलाच हवी.

एडी मोडका नाही. फुली-गोल बडवत राहिलं तरी पडद्यावर काहीतरी दिसण्याजोगं होतं, म्हणून नवख्याच्या हातात तो भयंकर वाटतो. समोरचा घाबरून बसून राहतो आणि एडीची मिड लाथ खातो. उलट करा. उभे राहा, मिड अडवा, जमिनीलगतचा झाडू (लो लाथ) येताना दिसला तरच खाली-मागे. झाडू अडला की एडी हलायला उशीर लावतो, तिथे मारा. तो हातांवर उलटा उभा असताना किंवा जमिनीवर पसरलेला असताना गार्ड धरू शकत नाही. तेव्हा वाट कसली बघता, एक मिड लाथ घाला. टायगर जॅक्सन हा तोच एडी, केस फुगवलेला.

खरी डोकेदुखी पॉलची. खाली, खाली-पुढे, पुढे आणि त्रिकोण. एवढ्या स्वस्त कमांडला इतका मोठा घाव देणं हा सरळ तोलाचा दोष आहे. चार ठोशांत राउंड आटोपतो आणि हरणाऱ्याला आपण काय चुकलो ते कळतही नाही. तो ठोसा सरळ रेषेत येतो. पॉल जरा खाली वाकलेला दिसला की साइडस्टेप, ठोसा हुकला की पॉल सताड उघडा. पोरांना आधी एवढंच शिकवा.

दहा ठोशांच्या साखळ्यांना कुणी भुलू नये. प्रत्येक साखळीत लो कितव्या नंबरला आहे ते ठरलेलं असतं. प्रॅक्टिसमध्ये दोनदा बघितलं की समोरचा आरामात अडवतो.

बंदी घालायचीच तर गॉनला घाला. इवलासा डायनासोर, हाय मार वरून निघून जातात. डॉक्टर बॉस्कोनोविच धड उभाच राहत नाही, सारखा आडवा पडतो. तो गंमत म्हणून ठीक. खरा ओगर अवाढव्य आहे, तो एकट्याने खेळणाऱ्याचा शेवटचा शत्रू म्हणूनच बरा. मोकुजिन मात्र ठेवा. दर राउंडला दुसऱ्याची शैली उचलतो, त्यामुळे उभं राहण्याच्या ढबीवरून तो आत्ता कोण झालाय हे ओळखावं लागतं. परीक्षा घ्यायला उत्तम लाकूड.

चौकोन_त्रिकोण:
धन्यवाद मंडळी. पॅड एकच आहे, दुसरा कीबोर्डवर बसेल. आणि जिन या पात्राचा विजेवाला ठोसा कीबोर्डवर निघतच नाही, साधाच निघतो. कीबोर्डचा दोष की बोटांचा?

जुना_पॅड:
दोन्हीचा असू शकतो. आधी कीबोर्ड तपासा. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली की तिसरं पोचतच नाही. नोटपॅड उघडा, दिशांसाठी डब्ल्यू-ए-एस-डी ठेवा. एस आणि डी दाबून धरून त्रिकोणाचं बटण दाबा. त्याचं अक्षर उमटलं नाही तर त्रिकोण दुसऱ्या अक्षरावर न्या. ए-एस बरोबर चारही बटणं तशीच बघा, नाहीतर उजवीकडे उभं राहिल्यावर रडायची वेळ येते. एका कीबोर्डवर दोघं तर अजिबात बसू नका. एकाने गार्ड धरला की दुसऱ्याचा ठोसा गिळला जातो आणि मग भांडण खेळाबाहेर जातं. साधा यूएसबी पॅड आणा.

पाठीमागे_दोनदा:
बोटांचं असं आहे. पुढे, सोडा, खाली, आणि मग खाली-पुढे व त्रिकोण अगदी एकाच फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. त्रिकोण मागे राहिला की साधा विंड गॉड फिस्ट निघतो. तुमचं तेच होतंय. त्रिकोण आधी पडला की बसून मारायचा दुसराच ठोसा निघतो. "खाली" दाबल्यावर डी आणि त्रिकोण ही दोन बटणं नसून एकच चुटकी आहे असं समजून आपटा. मुठीभोवती वीज चमकली की जमलं.

एवढा खटाटोप का, तर साधा ठोसा अडला की जिन उघडा पडतो. विजेचा अडला तरी समोरचा मागे ढकलला जातो आणि पाळी जिनकडेच राहते. लागला तर तो हवेत, पुढे जगल करा, म्हणजे खाली पडायच्या आत मारत राहा. पण दोन्ही ठोसे हाय आहेत, बसलेल्याच्या डोक्यावरून जातात. पोरांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

फुलीगोल:
सांगू नका. निदान पहिल्या दिवशी तरी.

एक राहिलं. सुरुवातीला फक्त १० पात्रं उघडी असतात. ब्रायन, ज्युलिया, हेहाची, मोकुजिन वगैरे आर्केड मोड वेगवेगळ्या पात्रांनी संपवत गेलं की एकेक करून उघडतात. टेकन बॉल या मोडमध्ये गॉनला हरवलं की गॉन. डॉक्टरसाठी टेकन फोर्स चार वेळा पार करावा लागतो, आणि तो मोड तिसऱ्यांदाच कंटाळा आणतो. पोरं यायच्या आदल्या दिवशी बसून एवढं उरका आणि मेमरी कार्डवर सेव्ह झालंय याची खात्री करून मगच बंद करा.