कोळशातला संत आणि काचेला टेकलेला कागद

वांद्रे_पश्चिम: इटालियन चित्रकाराचं कोळशाचं चित्र आहे, साधारण ३५ बाय ५० सेंमी, सहीखाली १९२६. अंगात झगा, कमरेला दोरी, तळहातावर काळा ठिपका. काच थेट कागदाला टेकलीय, खाली काळी भुकटी साचलीय, एका कोपऱ्यात तपकिरी डाग. फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का करणारा स्प्रे) मारून नवी फ्रेम करावी का? आणि हा संत कोण?

कागदकाम: फिक्सेटिव्ह अजिबात नको! साध्या कोळशाला बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) नसतो, कण कागदाच्या तंतूंवर नुसते बसलेले असतात. स्प्रेने करडे भाग काळवंडतात, पांढऱ्या खडूचा उजेड मरतो, आणि ते परत निघत नाही.
मागचे खिळे पकडीने ओढून काढा. हातोडी लावाल तर प्रत्येक ठोक्याला कोळसा झडेल. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच काचेसकट तज्ज्ञाकडे न्या.
नवी फ्रेम करताना फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री माउंटच सांगा, म्हणजे चित्राभोवती खिडकी कापलेला, आम्ल नसलेला पुठ्ठा. काच आणि कागदात ३-४ मिमी जागा हवी. खिडकीच्या कडेपेक्षा ५ मिमी मागे कापलेली पट्टी माउंटखाली लावली की झडलेली भुकटी त्या आडोशाला पडते, पांढऱ्या कडेवर दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक नको, त्याची स्थिर वीज कोळसा ओढते, काचच घ्या. कागद फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या खळीने टांगायचा. सेलोटेप कधीच नाही.

भिंग_१०एक्स: दोरीवर तीन गाठी दिसतात का? मग बहुधा असिसीचे संत फ्रान्सिस. तळहातावरचा ठिपका म्हणजे १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावर उमटलेली क्रुसाची जखम. पादुआच्या अँथनींचा झगाही तसाच, पण त्यांच्याबरोबर बहुधा लिलीचं फूल किंवा बाळ येशू असतो. फ्रान्सिस वारले १२२६ मध्ये, म्हणजे १९२६ हे सातशेवं वर्ष. विषयाशी तारीख छान जुळते. चित्र मूळचं की छापील, तेही बघा: भिंगाखाली कोळसा कागदाच्या उंचवट्यांवर बसलेला आणि खळगे कोरे दिसतात. एकसारखे ठिपके दिसले तर छपाई.

वांद्रे_पश्चिम: गाठी तीनच आहेत! फ्रेम याच आठवड्यात करू?

कागदकाम: पावसात नको. दमट हवेत फ्रेम मागून चिकटपट्टी मारून बंद केलीत तर ओल आतच कोंडते. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की बुरशी धरते. डिसेंबर-जानेवारीत करा. तोवर बाहेरच्या भिंतीवरून उतरवा. पुन्हा टांगताना मागे कॉर्कचे तुकडे लावून वारा खेळू द्या. डागाला खोडरबर, ब्लीच, काहीच लावू नका. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारा.