वर्षअखेरचा कार्यक्रम ऑनलाइन: मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

गाणं_शिकवते
नमस्कार मंडळी. माझ्याकडे गाणं आणि पेटी शिकणारी मुलं आहेत, काही लहान, काही दहावीच्या आसपासची. यंदा वर्ग ऑनलाइनच चालला, तेव्हा वर्षअखेरचा कार्यक्रमही झूमवरच होणार. परवा तालीम घेतली. मुलगी भूप राग गातेय, शेजारी तानपुऱ्याचं ॲप सुरू आहे हे मला दिसतंय, पण ऐकू येतोय नुसता गळा. तोही लांबवलेल्या स्वरावर मध्येच विरून जातो. काही पालक म्हणतात, सरळ व्हिडिओ मागवा आणि तेच दाखवा. मला ते पटत नाही. समोर माणसं ऐकताहेत याची जाणीव ठेवून मुलांनी गावं, वर्षभराचा रियाज त्या दहा मिनिटांत उतरावा, एवढीच माझी इच्छा आहे. तबल्याची साथ करणारे दादा तर तिसऱ्याच घरी. कसं जमवावं?

ध्वनीवाला
ताई, तानपुऱ्याचं कारण सोपं आहे. झूम मुळात बोलण्यासाठी केलेलं आहे. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं समजून ते तो कापतं. तानपुरा नेमका तसाच वाजतो. लांबवलेला षड्जही (सा) त्याच कात्रीत सापडतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' आहे, ते प्रत्येक मुलाच्या घरी सुरू करायला हवं. आधी सेटिंगमध्ये, आणि मग मीटिंगमध्ये शिरल्यावर पुन्हा एकदा, हे लोक विसरतात. मात्र प्रतिध्वनी घालवण्याची सोयही बंद केलीत, तर गाणाऱ्याच्या स्पीकरमधून दुसऱ्या कुणाचा आवाज येता कामा नये, नाहीतर घुमेल. बाकी सगळे म्यूट.

ठेका_धरून
मी तबला शिकवतो, असे कार्यक्रम केले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, साथीचा प्रश्न आधी सोडवा. दादा त्यांच्या घरून आणि मूल आपल्या घरून, असं एकत्र वाजवणं झूमवर होणार नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १० मीटरवर बसलेल्याचा ठेका आपल्याला सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तेवढ्यानेही लय ओढल्यासारखी वाटायला लागते. झूमवरचा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांच्या वरच असतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. आता हिशेब करा, जवळजवळ अर्धी मात्रा गेली. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं भेटणार कसे? मूल बिचारं दादांसाठी थांबतं, दादा मुलासाठी थांबतात, आणि लय मंदावत जाते.

म्हणून दादांकडून त्या मुलाच्या पट्टीत आणि त्याच्या लयीत ठेका वाजवून रेकॉर्ड करून घ्या. ॲपमधला नको. दादांनी बंदिश ऐकलेली असते, मुखड्याच्या (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या) आधी ते हात जरा हलका करतात, तिहाईला (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याला) जागा ठेवतात. मुलाला ते लगेच कळतं. हा ठेका मुलाच्या खोलीतच वेगळ्या स्पीकरवर लावायचा, म्हणजे मूल आणि माइक दोघांना एकाच वेळी ऐकू जातो. इअरफोनवर ऐकून गायचं आणि नंतर दोन्ही जुळवायचं असेल, तर मात्र वायरचाच इअरफोन हवा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, मूल अचूक गातं आणि जुळवताना सगळं मागे पडतं. उगाच त्याच्या तालावर ठपका येतो.

आता प्रत्यक्ष की रेकॉर्ड? प्रत्यक्षच करा. पण प्रत्येकाचा एकेक व्हिडिओ तुमच्याकडे तयार ठेवा. नेट गेलं तर त्याच क्षणी तो लावायचा, मुलाला कुणापुढे ओशाळं व्हावं लागत नाही. व्हिडिओला एकच अट घाला: नमस्कारापासून नमस्कारापर्यंत सलग, जोडकाम नाही. मुलं घरी एक तान चुकली की थांबून पहिल्यापासून सुरू करतात, आणि हळूहळू तीच सवय जडते. सूर लागला नाही तरी पुढच्या आवर्तनात शिरायचं, हे शिकवायला याहून चांगली संधी नाही. मी तालमीत मुद्दाम मधेच दार वाजवायला सांगतो घरच्यांना. मूल कायद्यातून (तबल्यावरच्या ठरावीक बोलांच्या रचनेतून) बाहेर न पडता पुढे गेलं, की मला त्याची तयारी कळते.

आणि शेवटची शांतता. सगळे म्यूट, त्यामुळे वाजवून झाल्यावर काहीच ऐकू येत नाही. लहान मुलं त्या क्षणी खरोखर घाबरतात, आपलं आवडलं नाही असं त्यांना वाटतं. त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि ऐकणाऱ्यांनाही सांगा की म्यूट काढून टाळ्या वाजवा. गोंगाट झाला तर होऊ द्या. तो मुलांचा हक्क आहे.

एक_पालक
आमच्याकडून एक. फोन आडवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून. पेटी असेल तर थोडा बाजूने आणि वरून, म्हणजे पट्ट्यांवरची बोटं दिसतात, आजीला तेच बघायचं असतं. दुसऱ्या फोनवर तानपुरा लावणार असाल तर त्यावर येणारे कॉल बंद ठेवा, आमच्याकडे ऐन आलापात रिंग वाजली होती.

गाणं_शिकवते
मनापासून आभार. ओरिजिनल साउंड सुरू करून आज पुन्हा ऐकलं, तानपुरा आला! खालचा षड्जसुद्धा. ठेक्यासाठी दादांना आत्ताच कळवते. आता एकच अडचण उरली. शेवटी सगळी मुलं मिळून एक प्रार्थना म्हणतात, ती कशी करायची?

ठेका_धरून
एकत्र नको, उशिराचा हिशेब तिथेही तोच. ओळी वाटून द्या. प्रत्येकाने आपली ओळ म्हणायची, शेवटचा शब्द संपला की पुढच्याने म्यूट काढून उचलायची. दोन ओळींत थोडी फट पडेल, चालेल, फक्त पट्टी सगळ्यांना एकच द्या. सर्वात लहान मुलाला पहिली ओळ द्या, म्हणजे त्याला वाट बघत बसावं लागणार नाही.