न ऐकता घेतलेले स्पीकर: परत करण्याआधी

नवे स्पीकर न ऐकताच मागवले आणि आता आवाज बोदा, घुमणारा येतोय, असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी मी याच अवस्थेतून गेलोय. परीक्षणं वाचून साडेसहा इंची वूफरची (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) जोडी घेतली. पहिल्याच रात्री तबला लावला, तर डग्ग्याचा प्रत्येक घुमारा भिंतीतून आल्यासारखा आणि तानपुरा पार गायब. पैसे पाण्यात गेले, या विचाराने झोप लागली नाही.

स्पीकरच्या पाठीमागे हवेचं भोक आहे का, ते आधी बघा. माझ्या जोडीला होतं, आणि मी ती शोकेसच्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटांवर कोंबली होती. मागची भिंत खर्ज फुगवते, कोपरा तर आणखीच. मग स्टँडवर, भिंतीपासून दोन फूट पुढे, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला येईल असे ठेवले. डग्गा जागेवर आला, तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू यायला लागल्या.

आवाज दबलेला वाटत असेल तर सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती मोठ्याने वाजतो त्याचा, आकडा पाहा. ९० डेसिबलवाल्या जुन्या जोडीइतका आवाज ८४ डेसिबलवाल्या नव्या जोडीतून काढायला चौपट वॅट लागतात. माझा जुना अँप्लिफायर तिथेच दमायचा.

एवढं करूनही वरचे स्वर कानाला टोचत राहिले तर मात्र ठेवू नका. ‘वाजवत राहा, वापराने आवाज मोकळा होईल’ असं मला दुकानदाराने सांगितलं आणि त्या नादात परत करायची १० दिवसांची मुदत निघून गेली. खोकी अजून ठेवली आहेत ना?