कॉमन अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीज कुठल्या टाकायच्या?

मुलगी बारावीला आहे, पुण्यात. अमेरिकेत अंडरग्रॅडला अप्लाय करतीये. कॉमन अ‍ॅप म्हणजे तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच फॉर्म, त्यात अ‍ॅक्टिव्हिटीजच्या दहा जागा आहेत आणि आमच्याकडे यादी अशी: तबला (गांधर्वच्या परीक्षा, मध्यमा पूर्ण झालीये), ढोलताशा पथक, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड, एमयूएन (शाळांमधली नकली संयुक्त राष्ट्रसभा) दोनदा, सहावीत बुद्धिबळात जिल्हास्तर, ऑनलाइन कोर्सची ढीगभर सर्टिफिकेटं. शिवाय आमचं झेरॉक्सचं दुकान आहे तिथे ती रोज संध्याकाळी बसते, पण ते काय लिहायचं. काउन्सेलर म्हणतो एखादी एनजीओ जोडा, आत्ता लगेच काहीतरी सुरू करा, नाहीतर प्रोफाइल हलकं दिसेल. ऑक्टोबर उजाडलाय हो, आता काय सुरू करणार? कुणी यातून गेलंय का?

एडिसनची_मावशी
अहो दुकान पहिलं लिहा! माझ्या दोन्ही मुलांचं हे सगळं उरकलंय म्हणून सांगते. फॉर्ममध्ये कॅटेगरी निवडायची असते त्यात पगारी कामही आहे आणि घरच्या जबाबदाऱ्याही, म्हणजे ते लोक स्वतःच विचारतायत आणि आपल्यालाच लाज वाटते. बुद्धिबळ काढा, तिथे नववी ते बारावीचंच विचारतात. इंटरमिजिएट कितवीत दिली? नववी-दहावीत असेल तर ती ऑनर्समध्ये, म्हणजे बक्षिसं-सन्मानांच्या भागात, तिथे वेगळ्या पाच जागा असतात, तिच्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटीची जागा कशाला अडवायची. आणि दहाच्या दहा भरायलाच हव्यात असं काही नाही. एनजीओचं म्हणाल तर ऑक्टोबरात सुरू झालेली समाजसेवा वाचणाऱ्याला कळते.

रात्रपाळी
मी सध्या इथे सेकंड इयरला आहे. खरी मारामारी शब्दांची असते काकू. वर्णनाला स्पेस धरून 150 कॅरेक्टर, पदाला 50, संस्थेच्या नावाला 100. इंग्लिशमध्ये एक वाक्य लिहिलं की संपलं. म्हणून ‘मला लहानपणापासून तालाची आवड’ वगैरे नको, सरळ काय केलं ते. पथकात ती नुसती वाजवते का नवीन पोरांना शिकवते? ढोल ताणणं, सरावाची हजेरी, मिरवणुकीत रांग सांभाळणं, असलं काही करत असेल तर तेच लिहा. वाचणाऱ्याला गणपतीची मिरवणूक माहीत असेलच असं नाही, तेव्हा किती जणांचं पथक ते आकड्यात टाका. आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे हेही भरावं लागतं, आणि पथक काय गणपतीच्या आधीचे दोन-अडीच महिने, तिथे 52 आठवडे टाकलेत तर हसं होईल. सगळ्या तासांची बेरीज करून बघा, शाळा क्लास झोप धरून दिवस 24 तासांत बसला पाहिजे. खोटं निघालं तर दिलेली अ‍ॅडमिशनसुद्धा काढून घेतात.

कोथरूडचा_बाबा
दुकान पहिलं याला माझा विरोध. क्रम महत्त्वाप्रमाणे लावा म्हणतात ना, मग तबला वर हवा, इतकी वर्षं टिकलेली एकच गोष्ट आहे ती. दुकान दुसरं. सर्टिफिकेटं सगळी उडवा, व्हिडिओ बघून मिळालेल्या कागदाला तिकडे कोण विचारतंय. आणि अजून एक, सगळीकडे हाच फॉर्म चालत नाही. यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा वेगळा, तिथे अ‍ॅक्टिव्हिटीज आणि अवॉर्ड्स मिळून 20 जागा, प्रत्येकाला 350 कॅरेक्टर. अमेरिकेतल्या एमआयटीचाही स्वतःचा, तिथे फक्त चार. म्हणून आधी एका वहीत सगळं लांबलचक लिहून काढा, मग जिथे जेवढं मावेल तेवढं. बाकी आपल्या जेईई-सीईटीला या सगळ्याचा अर्धा मार्क नाही, तो बॅकअप असेल तर अभ्यास सुटू देऊ नका.

प्रश्नकर्ती
थँक्यू सगळ्यांना. इंटरमिजिएट नववीतलीच आहे. मुलीला वाचून दाखवलं तर म्हणे दुकानात मी काय करते, नुसती बसते. मग विचारलं तर निघालं की कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करते, बाइंडिंग करते, यूपीआयचा रोजचा हिशेब तीच जुळवते आणि मोठ्या मशीनचा पेपर जॅम तिच्याशिवाय कुणाला निघत नाही. एमयूएनचं कुणीच बोललं नाही, ठेवू का?

रात्रपाळी
दोनदाच गेली असेल आणि बक्षीस नसेल तर शेवटी टाका, नाहीतर सोडा. त्या पेपर जॅमला मात्र 150 मधले 30 द्या.